भावजींचं ‘बरोबर’ राहून गेलं

नांदेडच्या दवाखान्यात व्यंकटभावजींनी मला शेवटचं जे सांगितलं, ते मी नेहमीसारखं त्यांना परत म्हणून दाखवलं आणि ते ‘बरोबर’ म्हणतील म्हणून थांबले. तेवढ्यात नर्स आली. “आजोबा, किती बोलता!” म्हणत तिनं त्यांच्या नाकातोंडावर मास्क परत चढवला आणि मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. त्याला आता महिना उलटला. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, वरच्या खोलीतली गादी उन्हात घालून झाली... पण माझा कान अजून त्या कॉटपाशीच उभा आहे. माणूस जातं हे मला कळतं. वय झालेली बाई आहे मी, पुष्कळांना पोचवून आले. पण अर्धं बोलणं ठेवून जाऊ नये हो कुणी. त्यातही ह्या माणसानं तर नाहीच!

व्यंकटभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचं मूळ गाव लातूर जिल्ह्यातलं, शिरूर अनंतपाळकडचं. भावजी शिकले आणि विमानांचे वाहतूक नियंत्रक झाले, दूरच्या एका मोठ्या विमानतळावर. गावाकडं मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच, ‘यंकट इमान चालवतो.’ ते सांगून दमले की मी चालवत नाही, चालवणाऱ्याला सांगतो. शेवटी शेजारच्या एका म्हातारीनं निकाल लावला. “म्हंजे यष्टी स्टँडावरचा कंट्रोलर हाय म्हना की! तेच्यासाठी एवढं शिकावं लागतं व्हय रे?” त्यावर मीच सगळ्यात जास्त हसले होते. नवी सून असूनही. भावजी हसले नाहीत. “बरोबर आहे आजी,” म्हणाले. तेव्हा मी त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. पुढं तो आमच्या घरात मीठमिरचीसारखा रोज लागणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत!

त्यांची बायको लवकर गेली, लेकरंबाळं नव्हती. निवृत्त झाल्यावर ते नांदेडला आमच्याकडं राहायला आले. वरची खोली आणि तिच्यापुढची गच्ची त्यांची. मीही तोवर लातूरच्या शाळेतली मास्तरकी संपवून इथं आले होते, आणि आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, आधीपासूनच घरी बसून पेपरवाल्याशी भांडत होते. भावजी आल्यावर आठ दिवसांतच मला कळलं की हा माणूस कुणालाही साधा निरोप देऊ शकत नाही. “वहिनी, संध्याकाळी मी जेवणार नाही, फक्त ताक घेईन,” म्हणायचे आणि माझ्या तोंडाकडं बघत उभे राहायचे. मी म्हणायची, “हं, कळलं.” तरी उभेच! शेवटी मी म्हणायची, “संध्याकाळी जेवण नाही, फक्त ताक.” मग ते म्हणायचे, “बरोबर,” आणि तेव्हा कुठं जिना चढायचे. जन्मभर पोरांकडून पाढे म्हणून घेतले, आणि म्हातारपणी मलाच पाढे म्हणायची पाळी आली.

बाहेर तर विचारू नका. एकदा आम्ही रिक्षानं निघालो. भावजींनी पत्ता सांगितला, रिक्षावाला म्हणाला, “हाव काका.” भावजी बसेनात. “काय सांगितलं मी?” “हाव म्हनलो की काका.” “हाव न्हाई. कुठं जायचं ते सांग.” त्यानं माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं. मग त्या बिचाऱ्यानं गल्ली, देऊळ, पिठाची गिरणी सगळं मुकाट्यानं म्हणून दाखवलं, भावजींनी ‘बरोबर’ म्हटलं, तेव्हा गाडी हलली. उतरताना रिक्षावाला मला हळूच म्हणाला, “मावशी, काकाचं डोकं ठीक हाय न्हवं?” मी म्हटलं, “लई ठीक हाय, म्हणून तर बेजार झालोय आम्ही.” हे सगळं मी घरी येऊन रंगवून सांगितलं. आमचे हे पोट धरून हसले. भावजीही हसले, पण ते गालातलं हसू... डोळ्यापर्यंत कधी जायचंच नाही ते.

त्यांचं दुसरं एक होतं, त्याला मात्र हसू यायचं नाही. सकाळचा चहा ते गच्चीवर घ्यायचे. प्लास्टिकची पांढरी खुर्ची, हातात कप आणि नजर वर. नांदेडला विमानं उतरतात ती मोजकी, पण फार उंचावरून दुसरीकडं जाणारी पुष्कळ असतात. त्यांची नुसती पांढरी रेघ दिसते. कधी दोन बाजूंनी दोन रेघा यायच्या आणि आता एकमेकींना छेदणार असं दिसायचं. तसं झालं की भावजींचा कप हवेत थांबायचा. रेघा एकमेकींवरून जाऊन लांब होईपर्यंत घोट घ्यायचे नाहीत. चहा निवायचा, त्यावर साय धरायची. आणि ओठ हलायचे. जवळ गेलं तर ऐकू यायचं, “टू नाइन झीरो... टू नाइन झीरो.” हे म्हणायचे, “कुणाचा तरी फोन नंबर इसरला असंल.” मला ते ऐकलं की अंगावर काटा यायचा. देवाचं नावसुद्धा कुणी इतक्या तळमळीनं घेत नाही.

मी मास्तरीण, विचारल्याशिवाय राहीन होय? एकदा स्वयंपाकघरात त्यांना धरलं. म्हटलं, “भावजी, तुमचं काम तरी नेमकं काय होतं, मला समजेल असं सांगा.” ते खुलले. माझ्या डब्यांच्या फळ्यांकडं बोट करून म्हणाले, “वहिनी, आभाळात रस्ते असतात तसे ह्या फळ्याही असतात. प्रत्येक विमानाला एक फळी दिलेली असते. डाळीचा डबा ह्या फळीवर, तांदळाचा त्या. दोघं एकमेकांच्या डोक्यावरून खुशाल जाऊ द्या, काही होत नाही. पण विचारल्याशिवाय कुणी फळी सोडायची नाही.” मग म्हणाले, फळी कितवी ते आम्ही सांगतो, वैमानिकानं तोच आकडा परत म्हणायचा, आणि आम्ही तो कान देऊन ऐकायचा. त्यानं आकडा म्हटला नाही तर फिरून विचारायचं. “आणि नाही विचारलं तर?” मी सहज म्हटलं. भावजींनी डाळीचा डबा उचलला, तो उगाच पुसला, जागेवर ठेवला आणि वर निघून गेले. त्या दिवशी मला वाटलं, आपण नको तिथं हात घातला.

आता आमच्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणायचे सगळे त्यांना. माणूस सोन्यासारखा, पण घरात एक कायदा. मोठ्या माणसानं एकदा सांगितलं की संपलं, फिरून विचारायचं नाही. ‘परत सांगा’ म्हणणं म्हणजे मोठ्याच्या तोंडावर हात ठेवणं. पोरं बिचारी निम्मं अंदाजानं करायची. भावजी शाळेत असतानाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. आबा म्हणाले, “यंकट, सकाळी बैलं घेऊन जा.” कुठं, ते म्हणाले नाहीत. ह्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता, म्हणून हा पठ्ठ्या बैलजोडी घेऊन थेट बैलबाजारात! दिवसभर उन्हात उभा. गिऱ्हाईक यायचं, दात बघायचं, किंमत विचारायचं. हा म्हणायचा, “किंमत आबांनी सांगितली न्हाई.” आणि तिकडं मामाच्या शेतात तिफण तशीच पडलेली, पेरणीला बैलांची वाट बघत! संध्याकाळी आबांनी काठी उचलली, पण आधी हसूच फुटलं त्यांना. ही गोष्ट सांगून सांगून आम्ही दरवेळी हसायचो. भावजी आले की मुद्दाम सांगायचो. फार पुढं मला कळलं, की ती गोष्ट निघाली की ते पाणी प्यायचं निमित्त करून का उठायचे.

कारण मधे एकदा, ऐन नोकरीत असताना, भावजी अचानक गावी येऊन राहिले होते. चांगले काही महिने. रजा आहे म्हणाले. आम्ही सुट्टीला गेलो तर भावजी ओसरीवर बसलेले, दाढी वाढलेली, समोरच्या भाकरीवर माशी बसली तरी भान नाही. गावात कुजबूज सुरू, नोकरी गेली, काहीतरी भानगड केली. आबांनी त्यांना काही विचारलं नाही. भावजींनीही सांगितलं नाही. दोघं बापलेक एका ओसरीवर, मधे तांब्या, आणि बोलणं नाही. मला वाटायचं, जाऊन दोघांना हलवावं गदागदा! पण सुनेनं हलवायचं म्हणजे झालंच. मग एक दिवस ते परत कामावर गेले, आणि आबा वारले तोवर तो विषय घरात कुणी काढला नाही.

तो निघाला तो इथं नांदेडला, आमच्या जेवणाच्या टेबलावर. अर्धापूरला आमच्या एका नातेवाइकांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. हे म्हणाले, “उद्या अर्धापूरला जायचंय, तयार ऱ्हा.” भावजींनी विचारलं, “किती वाजता, दादा? आणि बसनं का गाडीनं? परत एकदा सांग.” ह्यांचं त्या दिवशी काय बिनसलं होतं देव जाणे. ताटावर हात आपटून म्हणाले, “मी काय इमान चालवून राहिलो का? एकदा सांगितलेलं कळत न्हाई तुला? मोठ्याला फिरून इचारायची रीत हाय का आपल्यात? आबा असते तर...” भावजींनी ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाले, “त्या रीतीनंच माझा घात केला, दादा.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आभाळातून रोज एक विमान जायचं, त्यावर पुष्कळदा एकच कॅप्टन असायचे. मराठी माणूस, वयानं, मानानं मोठा. नाव मी लिहीत नाही. कॅप्टन एकदा भावजींना कँटीनमध्ये भेटले होते, त्यांच्या डब्यातली शेंगाची चटणी मागून खाल्ली होती, तेव्हापासून ‘बाळ’ म्हणायचे. रेडिओवर सगळं बोलणं इंग्रजीत, पण आधी एक ‘नमस्कार बाळ’ ठरलेला. ते विमान एका ठरावीक जागी आलं की त्याला रोज खालची फळी मिळायची. त्या दिवशी खालून दुसरं विमान आडवं जाणार होतं, म्हणून भावजी म्हणाले, खाली येऊ नका, टू नाइन झीरोवरच राहा. एकोणतीस हजार फुटांना त्यांच्या भाषेत तसं म्हणतात. पुढं ढग दाटलेले, कॅप्टन त्या गडबडीत. ते नुसतं म्हणाले, “बरं बाळ.” आकडा म्हणालेच नाहीत.

“तोंड उघडलं होतं मी, वहिनी,” भावजी माझ्याकडं बघून म्हणाले. ह्यांच्याकडं नाही, माझ्याकडं. “कॅप्टन, आकडा परत म्हणा, एवढंच म्हणायचं होतं. पण जिभेवर आबा येऊन बसले. वाटलं, एवढा मोठा माणूस, रोजचा, त्याला काय फिरून विचारायचं? बरं म्हणाले की... अन् त्यांचा हात सवयीनं रोजच्या फळीकडं गेला.” पडद्यावर दोन ठिपके एकमेकांवर चढले. भावजी ओरडले. दोन्ही विमानांतले धोक्याचे भोंगे वाजले, एक वर ओढलं, एक खाली दाबलं. एकमेकांच्या खिडक्या दिसाव्यात इतक्या जवळून दोन विमानं गेली. आत बसलेल्या माणसांच्या पेल्यातलं पाणी सांडलं असेल, कुणी म्हटलं असेल, काय हा हिसका! कुणाला खरचटलंही नाही. ती सगळी माणसं उतरली, आपापल्या घरी गेली, त्यांना अजून पत्ता नाही.

चौकशी झाली. कॅप्टननी सरळ सांगितलं, “पोरगं नीट बोललं, चूक माझी.” सगळं अंगावर घेतलं. त्यांना विमानावरून उतरवलं ते कायमचं. भावजींना काही महिने बाजूला बसवलं, तेव्हाच ते गावी येऊन राहिले होते, मग फिरून शिकवलं आणि परत खुर्चीवर आणलं. त्यांनी आपल्या जबाबात मी विचारायला हवं होतं असं म्हटलं होतं, पण कॅप्टनच्या शब्दापुढं ते हलकं पडलं. “माझी नोकरी राहिली, त्यांची गेली,” भावजी म्हणाले. “त्यांचा नंबर माझ्याकडं आहे. कितीदा काढला. पण एवढ्या मोठ्या माणसाला काय म्हणून फोन करू?” म्हणजे बघा, ज्या रीतीनं घात केला तीच अजून मानगुटीवर! मी तेव्हा फटकन बोलले, “भावजी, मग आत्ता विचारा की. आणा फोन.” ते म्हणाले, “करतो.” आमचे हे खाली मान घालून भातात बोटं फिरवत बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, “सकाळी. बसनं.” भावजी म्हणाले, “बरोबर.” दुसऱ्या दिवशी आम्ही अर्धापूरला गेलो, जेवलो, केळीचा फणा घेऊन परत आलो. फोन काही त्यांनी केला नाही. गच्चीवर ओठ हलतच राहिले.

आणि मग हा दवाखाना. फुप्फुसांनी दगा दिला होता, एकेका शब्दाला दम लागायचा. त्यांनी मास्क स्वतःच खाली ओढला. “वहिनी... कॅप्टनना फोन करा. सांगा, चूक तुमच्या एकट्याची नव्हती. मी... फिरून विचारायला हवं होतं.” मी त्यांचा हात धरून म्हटलं, “कॅप्टनना फोन करायचा. चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. तुम्ही फिरून विचारायला हवं होतं. हेच ना?” ते माझ्याकडं बघत होते. ओठ उघडले. आणि नर्स आली... पुढचं सांगितलंच आहे. ते उघडलेले ओठ ‘बरोबर’ म्हणणार होते की आणखी काही सांगायचं राहिलं होतं? की ‘नको, राहू द्या वहिनी’ म्हणणार होते? कोणाला विचारू आता?

तेरावं झाल्यावर मी हा विषय काढला तर हे म्हणाले, “म्हातारं मानूस असंल ते. हायेत का न्हाईत ते बी म्हाईत न्हाई. आता कशाला जुनी खपली काढायची?” मी म्हटलं, “निरोप आहे.” “पर बरोबर कुठं म्हनला तो?” हे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. पक्का न झालेला निरोप पोचवू नये, हे भावजींनीच आम्हाला शिकवलं होतं. काही दिवस मी भावजींचा फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. कूकरची शिट्टी झाली तरी दचकायची. भाजी निवडताना, आंघोळीला पाणी काढताना डोक्यात तेच. चुकीचं सांगितलं तर? त्या म्हाताऱ्या जिवाला सोसलं नाही तर? शेवटी एका सकाळी स्वतःवरच संतापले. म्हटलं, अगं बाई, सगळ्या घराण्यानं जन्मभर हेच केलं. मोठ्याला काय विचारायचं, मोठ्याला काय सांगायचं! आणि फोन लावला.

त्यांच्या सुनेनं उचलला. “बाबांना ऐकायला कमी येतं, जरा मोठ्यानं बोला,” म्हणाली. मी सांगितलं, नांदेडहून बोलते, व्यंकटची वहिनी. पलीकडं फोन हातातून हातात गेला. मग एक फार म्हातारा, पण स्वच्छ आवाज आला. “लातूरकडचा व्यंकट? चटणीवाला? कसा आहे बाळ?” मला रडूच फुटलं. म्हटलं, गेले हो. आणि मग शाळेत सांगावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. त्यांचा निरोप आहे. चूक तुमच्या एकट्याची नव्हती. मी फिरून विचारायला हवं होतं.

काहीच ऐकू येईना. मला वाटलं, फोन कटला, नाहीतर माणूस कोसळला. मग तो आवाज आला, पण बदललेला, ताठ, कामावरचा. “बाई, मी परत म्हणतो. चुकलं तर थांबवा. चूक माझ्या एकट्याची नव्हती. व्यंकटनं फिरून विचारायला हवं होतं.” थांबले. श्वास ऐकू येत होता. “आणि माझं त्या दिवसाचं राहिलेलं आहे, तेही म्हणतो. टू नाइन झीरो. टू नाइन झीरोवरच थांबतो.” मी हा आकडा त्यांना सांगितला नव्हता. निरोपात तो नव्हताच. ते गप्प झाले, आणि मला कळलं की ते वाट बघताहेत. कसली, ते आमच्या घरात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी ओरडूनच म्हटलं, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून. “बरोबर!” पलीकडं त्यांनी हळूच “बरं, बाळ” म्हटलं आणि फोन ठेवला. ते मला म्हणाले नव्हते.

हे दारात उभे होते. “काय म्हनले?” मी सांगितलं. ह्या माणसानं उभ्या जन्मात मला एक गोष्ट दोनदा विचारली नसेल. खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, “परत सांग.” मी परत सांगितलं.

मग मी चहा घेऊन गच्चीवर गेले. ती पांढरी खुर्ची मी अजून हलवलेली नाही. तिच्यासमोर उभी राहून म्हटलं, भावजी, कॅप्टनना फोन केला. निरोप दिला. त्यांनी सगळा परत म्हटला, आकड्यासकट. एवढं म्हणून मी सवयीनं थांबले. वर दोन पांढऱ्या रेघा दोन बाजूंनी आल्या, एकमेकींवरून गेल्या, लांब झाल्या. मी तशीच उभी होते. चहावर साय धरली.